जिनोवाचं गाऱ्हाणं

इटलीत जिनोवा म्हणून शहर आहे. नकाशात ते कुठं ते मला दाखवता येणार नाय, मी तिसरीपर्यंतच शिकल्ये. पण तिथल्या बंदराच्या फाटकातून निघून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या देवळापर्यंत कसं जायचं ते मी डोळे मिटून सांगीन. कुठं चढ लागतो, कुठल्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकानं भिंतीला चिकटायचं, कुठल्या घराच्या खिडक्या खऱ्या नि कुठल्या रंगवलेल्या. मी तिथं गेलेली नाय. मुंबईलाच सगळ्या जन्मात दोनदा गेल्ये. हे सगळं आमच्या ह्यांनी सांगितलेलं. ते सांगत होते तेव्हा मी विश्वास ठेवला नाय. तेवढंच असतं तरी चाललं असतं. त्याच्या पुढचं मी केलं, ते सांगायला बसल्ये. नात लिहून घेत्ये. तिला म्हटलं, आहे तसं लिही, मला बरी करू नको.

ऐंशी सालानंतरचं हे. आमच्या वाडीत वीज यायची होती. भाट्ये गावाच्या पलीकडं कातळाचा सडा चढून पुन्हा खाली उतरलं की व्हाळाच्या, ओढ्याच्या काठी आमची वाडी, पंधरा-सोळा घरं. दर दोन घरांमागं एक पुरुष मुंबईला नायतर बोटीवर. आमचे हे बोटीवर खलाशी होते. वर्षानं यायचे, दोन महिने राहायचे, परत जायचे. महिन्याला पत्र यायचं. त्यात काय नसायचं. मी बरा आहे, पोरींना सांभाळ, आईच्या डोळ्यात औषध घाल. पण पत्र यायचं.

त्या वर्षी श्रावणापासून पत्र बंद झालं. गणपती झाले, दसरा झाला, दिवाळी झाली. पैसे पण थांबले. मी चिऱ्याच्या खाणीवर जायला लागल्ये. जांभा दगड कापून काढायचे पुरुष, आणि आम्ही बायकांनी ते डोक्यावरून वरती गाडीपर्यंत न्यायचे. डोक्यावर चुंबळ, पाय उघडे, खाली कातळ तापलेला. मान आत जाते की काय असं वाटायचं. पण त्याची मला लाज नाय. राबणं हे काय मला नवीन नव्हतं. सासूबाईंना दिसत नव्हतं, पोरी दोन, मोठी सात वर्षांची. चूल पेटती ठेवली, बास.

जीव खाल्ला तो दुसऱ्याच गोष्टीनं. गणपतीला मुंबईहून आलेल्या एकानं वाडीत सांगितलं होतं, की त्यानं ह्यांना गोदीजवळ बघितलं. बरोबर बाई होती, आणि तिच्या कडेवर मूल.

मी त्याला गाठून विचारलं, "भावजी, तोंड बघितलंत काय?"

"पाठमोरे होते वयनी. पण चाल तीच."

पाठमोरा माणूस! आज कोणी मला असं सांगितलं तर मी त्याला विचारीन, बाबा, चालीवर पंचनामा करतोस होय? पण तेव्हा ते माझ्या डोक्यात रुतून बसलं. खाणीवर चिरा डोक्यावर घेतला की आधी तो पाठमोरा माणूस दिसायचा.

पौषात हे आले. दुपारची एसटी. मी खाणीवर होत्ये, पोरगी धावत आली. घरी येऊन बघत्ये तर ओटीवर भिंतीला टेकून बसलेले. एक पाय लांब केलेला, बाजूला काठी. पत्र्याची ट्रंक नाय, पिशवी नाय. अंगावर कोणाचा तरी दिलेला लोकरीचा कोट, आमच्याकडच्या त्या उकाड्यात.

बोटीवरचा माणूस कसा येतो ते वाडीला माहीत होतं. हमाल पुढं, हमालाच्या डोक्यावर ट्रंक. ट्रंकेत टेप, घडीची छत्री, नायलॉनच्या साड्या, वासाचे साबण. साबणाची एकेक वडी घरोघर वाटायची रीत होती. आमच्या ओटीवर बायका जमल्या, तासभर बसल्या, काय ट्रंक दिसेना. जाताना एक म्हातारी मला म्हणाली, "अगो, बोट बुडाली काय ह्याची?" आणि सगळ्या हसल्या.

ह्यांनी सांगितलं ते असं. जिनोवाच्या बंदरात बोट लागली असताना हे मालाच्या खणात शिडीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. तिथल्या इस्पितळात ठेवलं आणि बोट पुढं गेली, ट्रंक बोटीबरोबर गेली. पाच महिने हे त्या गावात. पाय दोनदा मोडून परत जोडला. पत्रं दोन टाकली म्हणाले, तिथल्या सिस्टरजवळ दिली होती. आमच्याकडं एकही आलं नाय. शेवटी कंपनीनं विमानात बसवून मुंबईला आणून सोडलं. कागद-पुस्तक सगळं कंपनीकडं.

मी ऐकलं. पेज वाढली. तोंडानं काय बोलल्ये नाय, पण मनात म्हटलं, विमानात बसून आलात आणि पोरींना एक गोळी आणायला सुचलं नाय?

पाय असा, त्यामुळं हे दिवसभर ओटीवर. तिन्हीसांजेला वाडीतले चार पुरुष येऊन बसायचे, आणि ह्यांचं जिनोवा सुरू व्हायचं. हे तसे अबोल. वर्षानं आले तरी दोन वाक्यांच्या वर बोलायचे नायत. पण त्या शहराचं काढलं की थांबायचे नायत. इस्पितळात शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता, तो पण आयुष्यभर बोटीवर काढलेला, मुंबईला येऊन गेलेला. त्याला तोडकंमोडकं हिंदी यायचं. हे काठीवर चालायला लागल्यावर तो ह्यांना रोज बाहेर न्यायचा. पायाला व्यायाम म्हणून. त्याच्या गावाचा त्याला अभिमान, आणि ऐकायला हा एकच माणूस सापडलेला. त्यानं गल्लीन् गल्ली दाखवली.

"सगळं शहर डोंगरावर चढलेलं," हे सांगायचे. "आपल्या पाखाड्या कशा, तशा दगडी पाखाड्या, पायऱ्यांच्या वाटा. आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा मजली घरं. मधून आभाळ दिसतं ते धोतराच्या काठाएवढं. वरती दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले."

"मग काठी घेऊन चढलास कसा?" कोणीतरी विचारायचं.

"एका ठिकाणी पाळणा आहे. बोगद्यात शिरायचं, पाळण्यात उभं राहायचं, की तो डोंगराच्या पोटातून वरती रस्त्यावर नेऊन सोडतो. खालच्या गावातून वरच्या गावात."

इथं पहिलं हसू यायचं. मग बत्ती. बंदराच्या तोंडाशी उंच बत्ती आहे, चौकोनी, एका बुरुजावर दुसरा बुरूज ठेवल्यासारखी. आमच्या किल्ल्यावरची बत्ती त्याच्यापुढं देव्हाऱ्यातली समई, असं हे म्हणायचे. चारशे वर्षांच्या वरची. तिच्याही आधी तिथं बुरूज होता, त्याच्यावर सुकी काटकं पेटवून बोटींना वाट दाखवायचे. लोक सांगतात, ज्यानं बत्ती बांधली त्याला तिथल्या कारभाऱ्यांनी वरनं ढकलून दिलं, दुसऱ्या कुठल्या बंदराला अशी बांधू नये म्हणून.

"हां, हे पटतं," एक जण म्हणाला. "कारभारी सगळीकडं सारखेच."

त्या गावाला राजा नव्हता. व्यापारी आणि बोटीवाले मिळून राज्य करायचे, त्यांची गलबतं सगळ्या समुद्रात फिरायची. जुन्या वेशीचे दोन बुरूज अजून उभे, आणि वेशीला लागून एक बारकं घर, वेल चढलेलं. अमेरिका ज्यानं शोधली तो लहानपणी त्या घरात राहायचा म्हणतात. "आपल्या गोठ्याएवढं," हे हातानं दाखवायचे. हे तसा गोठा दाखवायचे आणि मला लाज वाटायची. कारण त्या माणसांची तोंडं मला आतनं, चुलीपासून दिसायची. एकमेकांना डोळे घालायचे.

सगळ्यात जास्त हसले ते दोन गोष्टींना. एक खिडक्या. जिनोवात घराच्या भिंतीवर खिडक्या रंगवतात. एका अंगाला चार खिडक्या आणि दुसऱ्या अंगाला दोनच असल्या तर घर काणं दिसतं, म्हणून उरलेल्या दोन रंगानं काढतात. चौकट, झडप, झडपेची सावली सुद्धा. एका खिडकीत तर मांजर काढलेलं होतं म्हणाले.

दुसरी गोष्ट बॉम्ब. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं त्यांचं मोठं देऊळ, दाराशी दोन दगडी सिंह, रडवेल्या तोंडाचे. मोठ्या लढाईत बोटीवरनं डागलेला तोफेचा गोळा त्या देवळाचं छप्पर फोडून आत पडला आणि फुटला नाय. देऊळ राहिलं. मग तसाच एक गोळा त्यांनी देवळातच कोपऱ्यात उभा करून ठेवलाय, खाली देवाचे आभार कोरून. "माझ्या छातीएवढा उंच," हे म्हणायचे. "मी हात लावून आलो."

"देवळात बॉम्ब? आणि लोक काय, त्याला नारळ फोडतात?"

"फोडतील हो. फुटला नाय तर नारळ तरी फोडायला हवा!"

असं चालायचं. दोन-तीन आठवड्यांत ह्यांचं नावच पडलं, जिनोवकर. पाणंदीतून काठी टेकत निघाले की दगडी गडग्यापलीकडून हाक यायची, "काय जिनोवकर, भिंतीवरची खिडकी उघडलीत काय आज? वारा येतो काय?" हे हसायचे. त्यांना ते टोचतंय असं कधी दाखवलं नाय. टोचायचं ते मला. विहिरीवर बायका माझ्यासमोर गप्प व्हायच्या आणि मी घागर उचलून वळल्ये की पाठीमागं कुजबूज. एकदा एकीचं मी ऐकलं, "जिनोवा कसलं गो, जिनोवा गोदीजवळच्या चाळीत आहे. रात्रीचं जेवण वाढते ती जिनोवा."

मी घरी येऊन घागर ठेवली आणि ह्यांच्याकडं बघितलं. पोरीला मांडीवर घेऊन सांगत होते, त्या मांजराची शेपटी खिडकीच्या खाली लोंबत होती म्हणून. एवढं बारीक कोण सांगतं? मला वाटलं, जो बनवून सांगतो तोच.

तेव्हा विचारायचं होतं सरळ. पुढ्यात बसून, तुम्ही कुठं होतात ते सांगा. ते मी केलं नाय. मी भाट्याला गेल्ये.

भाट्याला एक बोटीवाले होते, वयानं ह्यांच्याहून थोरले, सगळ्या दुनियेची बंदरं बघितलेले. सुट्टीवर आले होते. आमच्या मावशीचं घर त्यांच्या पाठीमागं. मावशीला कोकमं द्यायला जात्ये असं घरी सांगून मी सडा चालत उतरल्ये. कोकमं खरंच नेली होती, एवढं खोटं नव्हतं. त्यांच्या पडवीत उभी राहिल्ये.

"भाऊ, तुम्ही जिनोवाला गेलायत काय?"

"तीनदा," ते म्हणाले. "का गो?"

"तिथं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं देऊळ आहे काय? आत बॉम्ब ठेवलेलं?"

ते माझ्याकडं बघत राहिले. मग हसले. "कोणी सांगितलान तुला? कसलं देऊळ? काय नाय तिथं. क्रेनी आणि भिजलेली पोती. बत्ती आहे एक, ती समुद्रातनं दिसते."

"आणि भिंतीवर खिडक्या रंगवलेल्या?"

"खिडक्या रंगवतात? मग तोंड कुठनं बाहेर काढायचं?" आणि त्यांची बायको आतून हसली.

त्यांचं खोटं नव्हतं, हे मला नंतर कळलं. बोट दोन दिवस लागणार, त्यात त्यांची कामाची पाळी, फाटकाबाहेर एक दुकान, तिथं चहा नायतर बाटली, आणि परत. तीनदा जाऊन त्यांनी गाव बघितलंच नव्हतं. बंदर बघितलेला माणूस म्हणतो मी गाव बघितलं. पण मला ते तेव्हा कसं कळावं? मी येताना सड्यावर एका कातळावर बसल्ये, आणि मला वाटलं, झालं, फैसला झाला. परक्या माणसाचं एक वाक्य मी घेतलं, आणि घरच्या माणसाचे पाच महिने सोडून दिले.

शिमगा आठ दिवसांवर होता. आमच्याकडं शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते. अंगण सारवून, रांगोळी काढून घरचा धनी पुढं नारळ ठेवतो, बाई ओटी भरते, आणि गुरव देवीला त्या घरचं गाऱ्हाणं घालतो. कोणाचं काय अडलंय, कोणाला मूल नाय, कोणाची गाय दूध देत नाय, ते सगळं देवीला मोठ्यानं सांगायचं, आणि जमलेली माणसं एकेका वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणतात. देवीला ऐकू जायला पाहिजे म्हणून मोठ्यानं. घरातली अडचण आधी गुरवाला सांगून ठेवायची असते.

मी गुरवाकडं गेल्ये. म्हटलं, "काका, आमच्यात असं असं आहे. हे खरं काय ते बोलत नायत. देवीपुढं जरा आडून घाला. नाव घेऊ नका, परदेशाचं काढू नका. ह्या घरात खरं ते खरं होऊ दे, एवढंच."

"बरं बाय," गुरव म्हणाला. भला माणूस होता. पण त्याला आडून बोलणं जमायचं नाय, हे मला माहीत असायला हवं होतं. सगळ्या गावाला माहीत होतं.

पालखी आमच्याकडं आली ती दुपार कलताना. ढोल, माणसं, पोरंटोरं, सगळी वाडी अंगणात. हे काठी घेऊन पालखीसमोर उभे. धोतर धुतलेलं, टोपी घातलेली. पाय अवघडत होता तरी बसले नायत. नारळ ठेवला. मी ओटी भरली आणि बायकांत जाऊन उभी राहिल्ये.

गुरवानं हात जोडलान. "हे देवी म्हाराजा! ह्या घरानं तुझ्यापुढं नारळ ठेवलेला हाय, तो मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घराच्या धन्याचा पाय अधू झालेला हाय, तो बरा कर."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकरांना पोटाला कमी पडू देऊ नको."

"व्हय म्हाराजा!"

मला वाटलं झालं. मग गुरवानं श्वास घेतलान, आणि आवाज चढवलान.

"आणि ह्या घरच्या लक्ष्मीनं तुझ्यापुढं गाऱ्हाणं घातलेलं हाय, की तिचा धनी पाच महिने कुठं होता ते तुला ठाऊक! तो परदेशाच्या गावाच्या वार्ता सांगतो, देवळाच्या आणि बॉम्बच्या सांगतो, त्या खोट्या असतील तर त्याच्या तोंडातनं खरं काढ, आणि दुसरीकडं कुठं त्याचं मन गुंतलेलं असेल तर ते सोडवून तिच्या पदरात घाल!"

अंगणात एक क्षण कोणीच काय म्हटलं नाय. ढोलवाल्याचा हात वरच्या वर राहिला. आणि मग पहिला आवाज आला तो ह्यांचा. डोळे मिटून, काठीवर दोन्ही हात ठेवून, स्वच्छ आवाजात.

"व्हय म्हाराजा."

त्यांच्या मागनं सगळी माणसं म्हणाली.

पालखी पुढच्या घरी गेली. मी अंगण झाडायला घेतलं, झाडायला काय नव्हतं तरी. मला वाटलं, आता हे ओरडतील, काठी मारतील. मारली असती तर बरं झालं असतं. हे ओटीवर येऊन बसले, पाय लांब केला आणि म्हणाले, "परसादाचं खोबरं पोरींना दे."

त्या दिवसापासून जिनोवा बंद. संध्याकाळी माणसं आली, "काय जिनोवकर," म्हणाली, हे म्हणाले, "पाऊस यंदा लवकर दिसतो." दोन-तीनदा डिवचून बघितलं, मग त्यांनाही गोडी राहिली नाय. पोरगी मांजराचं विचारायची, तर म्हणायचे, "विसरलो गो." पुढं खोताच्या आंब्याच्या बागेत राखणीला लागले. दिवसभर तिथं बसायचे, वानरं हाकलायचे, संध्याकाळी घरी यायचे. बोटीवर परत घेतलं नाय. मला वाटलं, देवीनं ऐकलं. खोटं बोलणं बंद झालं, माणूस घरी राहिला. दोन वर्षं मी तसंच धरून चालल्ये. दरवर्षी देवीला साडी नेसवली, ती ह्याबद्दल.

तिसऱ्या वर्षी, काजू मोहरायच्या दिवसांत, भाट्याचे ते बोटीवाले दुपारचे आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. हे बागेत होते. मी कुळीथ झोडत होत्ये. ते बसले नायत. टोपी हातात घेतलान.

"वयनी, मी तुला एक सांगायला आलोय. मागं तू मला विचारलं होतंस."

माझ्या हातातला दांडका थांबला.

"ह्या खेपेला तिथं बंदरातल्या कामगारांचा संप झाला. आमची बोट बावीस दिवस अडकली. करायचं काय, म्हणून मी गावात गेलो. पहिल्यांदा." खिशातनं पाकीट काढलान, त्यातनं एक रंगीत कार्ड. "हे बघ."

काळे-पांढरे पट्टे. दाराशी दोन सिंह. तोंडं रडवेली, अगदी ह्यांनी सांगितली तशी.

"आत गेलो. उजव्या अंगाला कोपऱ्यात तो गोळा उभा हाय. मी हात लावून आलो. आणि खिडक्या पण हायत. एकीत मांजर हाय म्हणून तुझा मालक सांगायचा ते कानावर आलं होतं, ते बघायला मी चार गल्ल्या फिरलो. नाय सापडलं. पण खिडक्या रंगवलेल्या हायत, वयनी, आयशप्पत." पाकीट परत खिशात घातलान. "तुझ्या मालकाला मी येडा ठरवला. तुझ्यासमोर."

मी म्हटलं, "चहा घेताय?" ते नको म्हणाले आणि गेले.

आता माझी खरी लाज इथनं पुढं आहे. आधीचं मी अज्ञानानं केलं, असं म्हणता येईल. हे पुढचं मी जाणून केलं. कार्ड संध्याकाळी ह्यांच्या हातात द्यायचं, पाया पडायचं, एवढंच होतं. पण कार्ड दिलं म्हणजे सांगायला लागणार, मी भाट्याला गेल्ये होत्ये, तुमची चौकशी परक्या पडवीत उभी राहून केली, त्याच्या बायकोसमोर. मी कार्ड फडक्यात गुंडाळलं आणि भाताच्या कणगीत, पार तळाशी घातलं. मनाला सांगितलं, चार आठवड्यांनी शिमगा आहे. चार माणसांत त्यांचं नाव घालवलं, तर चार माणसांतच परत द्यायला हवं. गुरवाला सांगीन, देवीपुढं मोठ्यानं म्हण, ह्या बाईची चूक झाली, तिचा धनी खरं बोलत होता. त्या वाक्याला सगळ्या वाडीनं "व्हय म्हाराजा" म्हणायला पाहिजे. जे हसले त्यांनी पण. मग कार्ड देईन.

ते चार आठवडे मी रोज भात काढताना कणगीत हात घालायची, कार्ड आहे ना ते चाचपायची. हे जेवायला बसले की तोंडाकडं बघता यायचं नाय. त्यांना मासा वाढताना मधला तुकडा वाढायची. एवढीच माझी हिंमत, माशाच्या तुकड्याएवढी.

शिमगा आला. गुरव आदल्या दिवशी वाटेत भेटलान, "काय बाय, यंदा काय घालायचं?" मी म्हटलं, "उद्या अंगणात सांगत्ये."

अंगण सारवलं. पालखी आली. हे नारळ घेऊन उभे, तीच टोपी. गुरव माझ्याकडं वळलान, "सांग बाय."

बायका बघत होत्या. ती विहिरीवरची बघत होती, तो पाठमोरं बघणारा त्या वर्षी सुट्टीवर आला होता, तो पण होता. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. महिनाभर घोकलं होतं. आणि मला दिसलं, की मी हे बोलल्ये की हे सगळे ह्यांच्याकडं नाय, माझ्याकडं बघणार. विहिरीवर पुढं माझं चालणार. भाट्याला गेलेली बाई.

ह्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. एकदाच. वाट बघितल्यासारखं.

मी म्हटलं, "नेहमीचं घाला, काका. सगळ्यांना बरं ठेव म्हणावं."

गुरवानं नेहमीचं घातलान. लोक "व्हय म्हाराजा" म्हणाले. हे पण म्हणाले. पालखी गेली.

मी शेणाचा हात धुवत होत्ये. हे मागच्या दारी आले, काठी उंबऱ्याला टेकवून ठेवली आणि हळू म्हणाले, "कणगीतलं कार्ड बाहेर काढून ठेव. वाळवी लागेल त्याला."

मग ह्यांनीच सांगितलं. ते भाट्याचे बोटीवाले आमच्याकडून निघाले ते सरळ बागेत गेले होते. मी काय विचारलं, त्यांनी काय म्हटलं, ते सगळं ह्यांना सांगून, माफी मागून गेले होते, त्याच दुपारी. मी रोज कणगीत काय चाचपत्ये ते ह्यांनी ओळखलं होतं, आणि चार आठवडे हे माझी वाट बघत होते. मी कधी बोलीन त्याची.

मी कार्ड काढलं. फडकं सोडलं, ह्यांच्या पुढ्यात धरलं. म्हटलं, "सांगा ना. हे सिंह कुठं, ती वेस कुठं. गोळ्याचं सांगा."

ह्यांनी कार्ड हातात घेतलं, उजेडाकडं धरून बराच वेळ बघितलं. मग मला परत दिलं.

"कसलं देऊळ," म्हणाले. "काय नाय तिथं. क्रेनी आणि भिजलेली पोती."

रागानं नाय बोलले. रागानं बोलले असते तर मी रडल्ये असते, भांडल्ये असते. बाजारातली भाजी काय भावानं मिळाली ते सांगावं तसं म्हणाले आणि काठी घेऊन गोठ्याकडं गेले. पुढं अकरा वर्षं आम्ही एका घरात राहिलो, चांगले राहिलो. पोरींची लग्नं केली. मी आजारी पडल्ये तेव्हा ह्यांनी माझं डोकं दाबलं. पण जिनोवाचं एक अक्षर त्यांच्या तोंडातनं परत आलं नाय. मला जेवढं माहीत आहे ते त्या पहिल्या तीन महिन्यांचं, चुलीपाशी बसून, विश्वास न ठेवता ऐकलेलं. आता वाटतं, त्या गावात आणखी किती काय असेल, जे ऐकायचं राहिलं. त्या शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं ते पण मी विचारलं नाय.

हे गेल्यावर पहिल्या शिमग्याला मी गुरवाला सांगितलं. जुना गुरव नव्हता, त्याचा मुलगा होता. सगळं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. तो पण बापासारखाच, एक शब्द गाळायचा नाय. पालखीपुढं मोठ्यानं म्हणालान, "ह्या आजीचा धनी जिनोवा गावाचं सांगत होता ते खरं होतं, तिनं खोटं मानलं, ती चूक पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

पण हसणारे बहुतेक गेले होते. कोणी मेले, कोणी मुंबईला राहिले. ती विहिरीवरची होती, तिला ऐकू यायचं बंद झालं होतं. बाकीची सगळी नवी पोरं, नव्या सुना. पालखी उचलली, ढोल सुरू झाला. एक नवी सून माझ्याजवळ थांबली, कडेवरचं मूल सावरत तिनं विचारलं, "आजी, जिनोवा म्हणजे कुठली वाडी गो?"

मी म्हटलं, "लांब आहे. उभी आहेस तर सांगत्ये."

तिला पुढच्या घरी पालखीमागं जायचं होतं.